कुंपणाच्या कडेला कोणती फुलझाडे लावावीत?

मंडळी, या धड्यात आपण फुलझाडांविषयी वाचणार आहोत. पण सगळ्याच फुलझाडांविषयी नाही. जी झाडे एकदा लावली की वर्षानुवर्षे टिकतात, आपल्या सोलापूरचे ऊन सोसतात आणि थोड्या पाण्यावर फुलतात, तेवढ्यांविषयीच. अंगणाची कड, कुंपणाच्या आतली पट्टी, शाळेच्या भिंतीजवळची मोकळी जागा, अशा ठिकाणी ही झाडे लावायची असतात.

कुणी म्हणेल, “गुरुजी, हितं प्यायला पाणी न्हाई, आन् तुम्ही फुलं लावा म्हंता?”

प्रश्न बरोबर आहे. डोक्यावर हंडा घेऊन पाणी आणणाऱ्या बाईला फुलझाडासाठी आणखी एक खेप घालायला सांगणे बरे नव्हे. म्हणून पहिला नियम असा की, फुलझाडासाठी वेगळे पाणी आणायचे नाही. घरात वापरून झालेल्या पाण्यावर जे जगेल तेच झाड लावायचे. बाकीची झाडे कितीही सुंदर असोत, ती आपली नव्हेत.

आपली हवा, आपली जमीन

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. आपला पाऊस थोडा, आणि तोही दर साल सारखा नाही. १९७२ सालचा दुष्काळ जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. २०१२-१३ सालचा तर पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जमीन कुठे काळी, कुठे मुरमाड. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी धरून ठेवते. मुरमाड जमिनीतून पाणी लगेच निघून जाते.

मी नव्या पेठेत राहतो. तिथे आता दुकानांची दाटी आहे, अंगणे फारशी राहिली नाहीत. तरी लोक गच्चीवर नि जिन्यात तेलाच्या रिकाम्या डब्यांत सदाफुली लावतात. सोलापूर शहरात कितीतरी वर्षे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत असे. तेवढ्या पाण्यावर डब्यात जगलेले झाड खेड्यातल्या जमिनीत सहज जगेल. डब्यात मूळ कोंडते, जमिनीत त्याला खोल जाता येते.

हंगामी झाड आणि बहुवर्षायू झाड

झेंडू लावला तर तो एक हंगाम फुलतो आणि वाळतो. पुढच्या साली पुन्हा बी, पुन्हा रोप, पुन्हा पाणी. अशा झाडाला हंगामी म्हणतात. कण्हेर, मोगरा, चाफा ही झाडे तशी नाहीत. ती पुष्कळ वर्षे जगतात. त्यांना बहुवर्षायू म्हणतात. ‘बहु’ म्हणजे पुष्कळ आणि ‘आयु’ म्हणजे आयुष्य.

बहुवर्षायू झाडाला पहिली दोन वर्षे जपावे लागते. तेवढ्यात त्याचे मूळ खोल जाते. मग ते आपले पाणी आपण शोधते. काही झाडे कांद्यात किंवा गड्ड्यात अन्न साठवतात. गुलबक्षी उन्हाळ्यात वरून वाळते, पण खालचा गड्डा जिवंत असतो. पाऊस पडला की ती पुन्हा फुटते. पांढऱ्या चाफ्याचीही उन्हाळ्याच्या आधी पाने झडतात. नुसत्या फांद्या दिसतात. ते पाहून काही जण झाड मेले असे समजून उपटून टाकतात. तसे करू नका. नखाने साल थोडी खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

झाड निवडताना चार प्रश्न

रोपवाटिकेत गेले की डोळे दिपतात. गुलाब लाल दिसतो, जास्वंद टपोरी दिसते. आपण घेऊन येतो आणि मे महिन्यात काटक्या राहतात. म्हणून झाड घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : मूळ धरल्यावर याला पाणी किती लागते?

दुसरा प्रश्न : माझ्या जागेत दिवसभर ऊन आहे की सावली? जमीन काळी की मुरमाड?

तिसरा प्रश्न : दारात लहान मूल आहे का? शेरडं-करडं आहेत का? झाड विषारी आहे का?

चौथा प्रश्न : हे कोणत्या महिन्यात फुलते? बाकीची झाडे फुलत नाहीत तेव्हा हे फुलेल का?

या चार प्रश्नांची उत्तरे बरी आली, तरच झाड घरी आणावे.

आपल्याकडे टिकणारी झाडे

तरवड : हे झाड तुम्ही माळावर, रस्त्याच्या कडेला पाहिले असेल. पिवळीजर्द फुले येतात. पावसाळा सरताना झाड बहरते. मुरमाड जमीन त्याला चालते. शेळी सहसा त्याला तोंड लावत नाही. पूर्वी याची साल कातडी कमावायला वापरत. रोप विकत घ्यायला नको. वाळलेल्या शेंगा आणाव्यात. बी कठीण असते, म्हणून त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फुगलेले बी लावावे.

शंकासुर : डोक्याइतके उंच झुडूप. लाल-पिवळी किंवा नुसती पिवळी फुले. पावसाळ्यात भरपूर फुलते. बियांपासून येते. फांद्यांना बारीक काटे असतात. बिया मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

पांढरा चाफा : आठ-दहा फूट किंवा त्याहून उंच वाढतो, म्हणून कोपऱ्यात एकच लावावा. फांदी कापली की पांढरा चीक गळतो. म्हणून हात-सव्वा हात लांबीची फांदी कापून आठवडाभर सावलीत ठेवावी. चीक सुकला की मग लावावी. ओली फांदी लावली तर ती कुजते.

बोगनवेल : ही कागदी फुलांची वेल. ती दक्षिण अमेरिकेतली. बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजे १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीला फेरी घालून आली. त्याच्यावरून वेलीला हे नाव पडले. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरे तर रंगीत पाने असतात. खरे फूल त्यांच्या मध्ये, बारीक आणि पांढरट असते. या वेलीला पाणी जास्त दिले तर नुसती पाने वाढतात, रंग कमी येतो. काटे असतात, म्हणून ती फाटकाजवळ पण वाटेपासून दोन हात दूर लावावी.

कोरांटी : कंबरेइतके काटेरी झुडूप. पिवळी फुले येतात. पावसाळा संपल्यावर आणि हिवाळ्यात फुलते. काट्यांमुळे कुंपणालाही मदत होते.

मोगरा : वास तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात फुलतो. वर सांगितलेल्या झाडांपेक्षा याला पाणी थोडे जास्त लागते, म्हणून न्हाणीच्या जवळ लावावा. संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत, मोगरा छाटावा. छाटण्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. छाटल्यावर शेणखत घालून पाणी सुरू करावे. नव्या फुटीवर कळ्या येतात. दोन-चार झाडे असली तर घरचा गजरा होतो. जास्त असली तर बाजारात चार पैसेही मिळतात.

सदाफुली : नावाप्रमाणे बारा महिने फुलते. मूळची मादागास्कर बेटावरची. गुडघ्याइतकी वाढते. तिचे बी आपोआप पडते आणि नवी रोपे येतात. जुने झाड तीन-चार वर्षांनी थकले तर नवे जागेवर तयार असते. फक्त तिच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये.

पावसाळी लिली : ही कांद्यापासून येते. उन्हाळ्यात झोपी जाते आणि वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की चार-सहा दिवसांत फुलते. एका कांद्याचे पुढे दहा होतात. शेजाऱ्याला द्यावेत.

कर्दळ : मोरीचे पाणी जिथे साचते तिथे हीच लावावी. सांडपाणी तिला मानवते. पाणी मुरते, चिखल कमी होतो आणि डासही कमी होतात. कोरड्या जागी मात्र कर्दळ लावू नये.

आता जी लावायची नाही तिचे नाव सांगतो. घाणेरी. तिला टणटणीही म्हणतात. रंगीबेरंगी फुलते, पाणी मागत नाही, पण पक्षी तिच्या बिया सगळीकडे नेतात. परदेशातून बागेसाठी आणलेले हे झाड देशभर रानात पसरले आणि गवत दाबून बसले. जनावराने खाल्ली तर ते आजारी पडते. म्हणून घाणेरी दारात नको आणि बांधावरही नको.

विषारी झाडे : हे नीट वाचा

कण्हेर फार चिवट झाड आहे. सोलापूरहून पुण्याकडे जाताना महामार्गाच्या मधल्या पट्टीत ती दिसते. धूर, धूळ, ऊन सगळे सोसते. पण तिचे पान, फूल, फांदी, मूळ सगळेच विषारी आहे. पान वाळले तरी विष जात नाही. थोडी पाने खाऊनही शेळी किंवा गाय मरू शकते.

पिवळ्या कण्हेरीला आपण बिट्टी म्हणतो. तिच्या बिया घेऊन मुले खेळतात. तो खेळ बंद करा. ती बी पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो.

म्हणून ज्या घरात रांगते मूल आहे किंवा दारात जनावर बांधलेले आहे, तिथे कण्हेर आणि बिट्टी लावू नये. आधीच असेल तर छाटलेला पाला चाऱ्यात मिसळू देऊ नये. तो खड्ड्यात पुरावा. चुलीत घालू नये, त्याचा धूरही वाईट. तिची काडी दात घासायला किंवा भाजी ढवळायला घेऊ नये.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. शनिवारी मारुतीला माळ करायला पाने तोडाल, तेव्हा हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

सदाफुलीविषयीही एक सांगतो. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची मोठी औषधे निघाली. १९५८ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी त्यांपैकी पहिले वेगळे काढले. हे ऐकून किंवा साखरेच्या आजारावर म्हणून काही जण तिची पाने चावून खातात, काढा पितात. असे करू नये. कारखान्यात तोलूनमापून केलेले औषध वेगळे आणि मूठभर पाला वेगळा. ती पाने विषारी आहेत.

कुणाच्या पोटात असे काही गेले तर घरगुती उपाय करत बसू नका. मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. लगेच दवाखान्यात न्या. १०८ या क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिका येते. जे झाड खाल्ले त्याची एक फांदी किंवा बी सोबत घ्या. डॉक्टरांना विष ओळखता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेळी खात नाही म्हणजे झाड निर्विष आहे, असे होत नाही. आणि झाड विषारी आहे म्हणजे शेळी खाणारच नाही, असेही नाही.

वीस फुटांची पट्टी

समजा, तुमच्या कुंपणाच्या आत वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद पट्टी आहे. उंच झाडे मागे, मधली मध्ये, बुटकी पुढे, अशा तीन ओळी कराव्यात. म्हणजे कुणी कुणाचे ऊन अडवणार नाही.

मागची ओळ : तरवड आणि शंकासुर. दोन झाडांत चार फूट. वीस फुटांत पाच झाडे.

मधली ओळ : कोरांटी आणि मोगरा. दोन झाडांत अडीच फूट. वीस फुटांत आठ झाडे.

पुढची ओळ : सदाफुली आणि लिली. दोन झाडांत एक फूट. वीस फुटांत वीस झाडे.

एकूण तेहतीस झाडे झाली. आता पाण्याचा हिशोब करू. पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या पाच झाडांना प्रत्येकी पाच लिटर, म्हणजे पंचवीस लिटर. मधल्या आठ झाडांना तीन-तीन लिटर, म्हणजे चोवीस. पुढच्या वीस झाडांना एकेक लिटर, म्हणजे वीस. बेरीज एकोणसत्तर. सत्तर धरा. आठवड्यातून दोनदा दिले तर एकशे चाळीस लिटर.

आता दुसरी बाजू पाहा. घरात पाच माणसे आहेत. आंघोळीला माणशी पंधरा लिटर पाणी धरले तर दिवसाला पंचाहत्तर आणि आठवड्याला पाचशे पंचवीस लिटर होते. म्हणजे फुलझाडांना त्यातले चौथ्या हिश्श्याच्या जवळपास पाणी पुरते. जास्तीचा एकही हंडा लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून तर मागच्या ओळीला पाणी क्वचितच द्यावे लागेल.

न्हाणीपासून पट्टीपर्यंत लहान चारी काढावी. साबणाचे थोडे पाणी चालते. फिनेल किंवा कपडे पांढरे करायची पावडर घातलेले पाणी मात्र झाडाला घालू नये. पाणी संध्याकाळी द्यावे. रोज शिंपडण्यापेक्षा दोनदाच पण बुडापर्यंत मुरेल असे द्यावे. वरवर शिंपडले तर मूळ वरच राहते आणि उन्हात वाळते.

लावायचे कसे?

मे महिन्यात खड्डे खणून ठेवावेत. मोठ्या झाडाला दीड फूट लांब, रुंद, खोल. ऊन लागले की कीड मरते. मग अर्धी माती आणि अर्धे कुजलेले शेणखत भरावे. काळी जमीन असेल तर थोडी वाळू किंवा मुरूम मिसळावा, म्हणजे पाणी तुंबत नाही. मृगाचा पाऊस नीट पडून जमीन ओली झाली की रोपे लावावीत. पावसाळ्याचे चार महिने मूळ धरायला मिळतात. हिवाळ्यात लावलेले रोप कोवळ्या मुळांनिशी उन्हाळ्यात सापडते.

बुडाशी वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा कडब्याची चघाळ तीन-चार बोटे जाड पसरावी. ओल टिकते, माती तापत नाही. पाला खोडाला चिकटवू नये, चार बोटे जागा सोडावी.

शेजाऱ्याकडून फांद्या, कांदे, बिया मागाव्यात आणि आपल्याकडच्या द्याव्यात. या पट्टीला रोपांचा खर्च जवळजवळ नाही.

मग फायदा काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. पाणी कमी असताना फुले कशाला? देवाला फूल मिळते, लेकीबाळींना गजरा मिळतो, हे तर आहेच. दुसरे असे की, मुळे माती धरतात. वळवाच्या पावसात अंगणाची माती वाहून जात नाही. रस्त्याची धूळ घरात कमी येते.

तिसरे मोठे काम मधमाशीचे. भोपळा, दोडका, काकडी यांच्या नर फुलातला पराग मादी फुलावर जावा लागतो, तेव्हा फळ धरते. ते काम माशा करतात. परसात दोन वेल लावले आणि माश्याच नसल्या, तर फुले येतात नि गळतात. तुमच्या पट्टीत उन्हाळ्यात मोगरा नि चाफा, पावसाळ्यात शंकासुर नि लिली, पाऊस सरताना तरवड, हिवाळ्यात कोरांटी आणि बारा महिने सदाफुली असली, तर किडा-माशीला दारात येण्याची सवय लागते. म्हणून चौथा प्रश्न महिन्याचा ठेवला आहे. सगळी झाडे एकाच महिन्यात फुलणारी घेऊ नयेत.

सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी बांधवला, असे आपण मानतो. त्या काळापासून इथल्या माणसाला पाणी साठवून, जपून वापरणे ठाऊक आहे. न्हाणीचे पाणी वाया न घालवता झाडाला देणे हे त्यातलेच लहानसे काम आहे. त्याला पैसा लागत नाही. लागते ती पावसाआधीची थोडी तयारी आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांची देखभाल.

हे करा

आता तुम्हाला लिहिता येते. वहीत आपल्या अंगणाची चौकट काढा. ऊन कुठून येते ते बाणाने दाखवा. न्हाणी कुठे, गोठा कुठे, मुले कुठे खेळतात ते लिहा. मग प्रत्येक ओळीत कोणते झाड ते आपल्या हाताने लिहा. ही वही आठवडी बाजाराला जाताना बरोबर न्या. वहीत नसलेले रोप विकत घेऊ नका.

शब्दांचे अर्थ

बहुवर्षायू – पुष्कळ वर्षे जगणारे
हंगामी – एकाच हंगामापुरते
दर्यावर्दी – समुद्रावर फिरणारा, जहाजावरचा माणूस
निर्विष – ज्यात विष नाही असे
चघाळ – जनावरांनी खाऊन उरलेला कडबा

प्रश्न

१. फुलझाड निवडताना कोणते चार प्रश्न विचारावेत?
२. पांढऱ्या चाफ्याची फांदी लगेच का लावू नये?
३. दारात शेळी असेल तर कण्हेरीचा छाटलेला पाला काय कराल?
४. तुमच्या घरात किती माणसे आहेत? आंघोळीचे पाणी आठवड्याला किती होते? हिशोब करून लिहा.
५. तुमच्या गावात पाणी न घालता फुलणारी तीन झाडे शोधा. त्यांची नावे आणि फुलण्याचे महिने लिहा.